यादीमास्तर

आमच्या माहेरी सगळे मोठ्यानं बोलत. साधं मीठ मागायचं असलं तरी शेजारच्या परसात ऐकू जायचं, आणि नव्यानं आलेल्या पाहुण्याला वाटायचं की या घरात भांडण पेटलंय. कारण होते नागूकाका. आप्पांचे धाकटे भाऊ. दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरे, आणि त्यांच्याशी बोलता बोलता आम्हा सगळ्यांचे आवाज जे वर चढले ते कायमचे तिथंच बसले. लग्न होऊन मी दोन गल्ल्या सोडून सासरी आले, गाव मुरूमच. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "पोरी, आमी भिंतीच्या पल्याड न्हाई, हितंच हाव." आता मी स्वतः सासू होऊन बाजूला पडले, सासष्टावं लागलं, तरी नात मोबाइलवर बोलत असली की मला हातानं खूण करते, आजी, हळू. हळू म्हणजे किती, हे मला आजवर समजलेलं नाही.

नागूकाकांचं जेवण हा आमच्या घरातला एक सोहळा असे. आई ज्वारीच्या कडक भाकरी भाजून फडताळात रचून ठेवायची. काका त्यातली एक घ्यायचे, वर शेंगाची चटणी, चटणीवर करडईचं तेल, आणि मग कडाकडा सुरू. स्वतःच्या चावण्याचा आवाज त्यांना ऐकू येत नसे, म्हणून तो आवरण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही भावंडं हसायचो. आई चुलीपुढून कानडीत रागवायची, कारण स्वयंपाकघरात कानडी आणि ओसरीवर मराठी अशी आमच्या घराची वाटणीच होती. काका आमची तोंडं बघून समजायचे आणि मुद्दाम आणखी जोरात चावायचे. लग्न त्यांनी केलं नाही. बैलांशी मात्र ते तासन्‌तास बोलत, आणि बैलांना काही त्यांच्या बहिरेपणाची अडचण वाटत नसे.

काकांचे कान कशानं गेले, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. गावातल्या अकरा पोरांनी शाळेच्या छपरावर झेंडा लावला. आप्पा अठराचे, काका सोळाचे, दोघंही त्या अकरांत. दुसऱ्या दिवशी पोलीस आले आणि त्यांनी शाळेच्या मास्तरांना दरडावलं की पोरं तुझ्याच हाताखालची, नावं लिहून दे. मास्तरांनी लिहून दिली. अकरा नावं, उर्दूत, सुरेख अक्षरात. पोलीस यादी घेऊन चावडीवर गेले आणि पाटलांपुढं एकेक नाव वाचू लागले. पाटील दरेक नावाला मान हलवायचे, असा माणूस गावात नाही म्हणायचे. पाटलांच्या त्या छातीचं कौतुक पुढं पन्नास वर्षं झालं. यादी आल्याची कुणकुण लागताच पोरं शेतांतून सोलापूरच्या हद्दीकडं पळाली. दहा पोचली. सोळा वर्षांचे नागूकाका घरातच सापडले. कोठडीत त्यांच्या कानांवर मारलं. निजामाचं राज्य गेलं, दहाजण परत आले, गावानं हार घातले. काकाही परत आले, पण वेशीत आप्पांनी मागून हाक मारली तर ते वळेनात.

तेव्हापासून त्या मास्तरांचं नाव यादीमास्तर पडलं. त्यांना खरं नाव होतं हेच आम्हा पोरांना माहीत नव्हतं. नव्या राज्यात त्यांची नोकरी राहिली नाही, शिकवणीला कुणी पोर पाठवेना. काळी टोपी, उन्हाळ्यातही कोट, आणि रस्त्याच्या कडेकडेनं चालणं. त्यांची शेवटची मुलगी निर्मला माझ्या वर्गात होती. तिच्या बाकावर कुणी बसत नसे. आम्ही मधल्या सुट्टीत एका सुरात "यादीमास्तर, यादी काढ" असं ओरडायचो, ती डबा उघडायची, आम्ही ओरडायचो, ती डबा बंद करायची. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि आणखी लाज वाटते ती याची की त्या घोळक्याची पुढारी मी होते. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता ना.

तर ही झाली मागची गोष्ट. ती इतकी वर्षं माझ्या मनात शहाण्यासारखी गप्प पडून होती. मागच्या वर्षी समृद्धी, माझ्या मुलाची मुलगी, आठवीतली, शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली की मुक्तिसंग्राम दिनासाठी प्रेझेंटेशन करायचंय. नवे सर लातूरकडचे. त्यांनी जुनी पुस्तकं चाळून परिसरातल्या वादग्रस्त माणसांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या, आणि अट घातली होती की प्रत्येकानं दोन्ही बाजू मांडायच्या. समूच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, रेवणय्या मास्तर. मी विचारलं, हा कोण बुवा? तिनं वही बघून सांगितलं की यानं म्हणे पोरांची यादी दिली होती. मी भाजी निवडत होते. हातातली पुंडीची जुडी मी परातीत टाकली आणि म्हटलं, "दुसरी चिठ्ठी उचल. सरांना सांग, आमच्या घरात ह्या माणसाला दुसरी बाजू न्हाई."

समू माझी नात असली तरी माझ्यासारखी तापट नाही. ती ऐकून घेते आणि मग जे करायचं तेच करते. तिनं संध्याकाळपर्यंत लॅपटॉपवर पहिल्या चार स्लाइड तयार केल्या. नागूकाकांचा फोटो, शाळेचं छप्पर, चावडी, आणि माझ्याच तोंडून ऐकलेली सगळी हकिकत. पाचवी स्लाइड पांढरीशुभ्र होती, वर फक्त ‘दुसरी बाजू’ एवढंच. ती मला म्हणाली की आजी, वाईट असली तरी असू दे, पण काहीतरी लिहावं तर लागेल, ती यादी तरी बघू. यादीचा फोटो होता हे मला ठाऊक होतं. मी चौदा वर्षांची असताना, राज्य बदलल्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून गावानं एक स्मरणिका काढली होती. त्यात अकरा जणांचे फोटो, खाली नावं, आणि शेवटच्या पानावर कुणीतरी कचेरीच्या रद्दीतून मिळवलेल्या त्या यादीचा फोटो. खाली ‘विश्वासघाताचा पुरावा’ अशी जाड अक्षरं. स्मरणिका माझ्या भावाकडं कपाटावर होती. समूनं जाऊन मोबाइलवर फोटो काढून आणले. मी तो फोटो लहानपणापासून शंभर वेळा पाहिला असेन. पण आमच्या पिढीत उर्दू कोण शिकलं? पुरावा होता, आणि तो वाचता येत नव्हता, यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही.

मुरूमच्या स्टँडजवळ मुनीरभाईंचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान आहे. आता घड्याळं कोण दुरुस्त करतं, पण ते रोज दुकान उघडतात आणि उर्दू पेपर वाचत बसतात. मी समूबरोबर गेले ते तिला एकटीला रस्ता ओलांडू द्यायला नको म्हणून, असं मी घरात सांगितलं. मुनीरभाईंनी मोबाइल हातात घेतला. समूनं फोटो बोटांनी मोठा करून दाखवला, तरी त्यांनी सवयीनं घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलंच. "मास्तरचा हात हाय ह्यो," ते म्हणाले, "माझ्या वालिदनी ह्यांच्याकडंच शिकलं." मग ते सावकाश एकेक नाव वाचू लागले आणि समू वहीत लिहू लागली. मडिवाळप्पा. पर्वतय्या. चन्नवीर. धोंडोजी. अकरा नावं झाली. समूनं शेजारी स्मरणिकेतली अकरा नावं मांडली, दोन्ही रांगांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली की आजोबा, काहीतरी चुकतंय, यातलं एकच नाव जुळतंय, शेवटचं, नागनाथ. मुनीरभाईंनी पुन्हा वाचलं. तीच नावं. ते म्हणाले, ही दुसऱ्याच कुठल्यातरी गावची यादी असंल.

मी मात्र तिसऱ्या नावालाच थांबले होते. चन्नवीर. हे नाव मी ऐकलं होतं, आमच्याच घरात, गौराआत्याच्या तोंडून. गौराआत्या म्हणजे आप्पांची आत्या. विधवा झाल्यावर ती आमच्याकडंच राहिली आणि मी सात-आठ वर्षांची होईपर्यंत होती. बारशाला पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. आप्पांच्या कानात तिनं चन्नवीर सांगितलं होतं. पुढं आजोबांनी शाळेत भीमाशंकर घातलं, गाव भीमाशंकर म्हणू लागलं, आणि पाळण्यातलं नाव एकट्या आत्यापाशी उरलं. ती रागावली की मगच ते बाहेर यायचं. आप्पा न जेवता शेतावर निघाले की ती उंबऱ्यात उभी राहून ओरडायची, चन्नवीरा, माघारी फिर. चाळिशीचे आप्पा मुकाट्यानं पाटावर येऊन बसायचे. आत्या गेली आणि ते नाव कुणी घेतलं नाही. आता स्टँडवर, रिक्षांच्या भोंग्यांत, मुनीरभाई ते नाव वाचत होते.

घरी येऊन मी समूला सगळं सांगितलं. रेवणय्या मास्तर जंगमांच्या, म्हणजे लिंगायतांच्या पुरोहितांच्या घरातले. त्यांचे वडील घरोघर नामकरणाला जायचे, अय्या आल्याशिवाय पाळणा हलायचा नाही. गावातल्या कुठल्या पोराचं पाळण्यातलं नाव काय, हे त्या पोराच्या आईनंतर अय्यांच्या घरालाच माहीत. समूचे डोळे मोठे झाले. म्हणजे मास्तरांनी नावं दिली, खरीच दिली, पण अशी दिली की चावडीवर कुणाला ओळखू येऊ नयेत. पोलिसांनी उद्या पकडून विचारलं असतं की खोटी का लिहिलीस, तर ते गळ्यातल्या लिंगाची शपथ घेऊन खरी आहेत म्हणाले असते. आणि पाटलांनी मान हलवली ती छातीनं नव्हे. त्यांना खरंच माहीत नव्हतं. एवढ्या सगळ्यात मला पाटलांचं हसू आलं, काय करणार.

पण समूला खात्री हवी होती. आजच्या पोरांना मोबाइलवर आलेलं सगळं खरं वाटतं असं आपण म्हणतो. माझ्या नातीनं मला तीन दिवस गावभर फिरवलं. अकरा जणांच्या दहा घरांपैकी चार घरं पुण्या-सोलापूरला गेलेली, तीन घरांत सांगणारं कुणी उरलेलं नव्हतं. एका घरी मात्र नव्वदीची सून अंथरुणावर होती. समूनं तिच्या कानाशी वाकून विचारलं की तुमच्या मालकांचं पाळण्यातलं नाव काय? म्हातारी आधी लाजली. आयुष्यभर नवऱ्याचं कुठलंच नाव न घेतलेली बाई ती. मग म्हणाली, मडिवाळप्पा. आणखी एका घरात धोंडोजी निघाला, वाड्याच्या जुन्या पत्रिकेत लिहिलेला. आमचे आप्पा धरून तीन. एवढं मला पुरे होतं, समूलाही झालं.

राहिले नागूकाका. ते शेवटचं नाव चावडीवर ओळखू आलं असणार, गावाच्या गोष्टीतून तेवढंच गळलं. समू ते विचारणार हे मला माहीत होतं आणि उत्तरही माहीत होतं, फक्त ते असं कधी समोर उभं राहिलं नव्हतं. काकांच्या जन्माच्या वेळी आजी गेली. घरात रडारड, पाळणा कोण बांधतंय? बारसं झालंच नाही. पुढं कधीतरी आजोबांनी नागनाथ म्हणून हाक मारली तेच नाव घरी, तेच शाळेत, तेच गावात. त्यांना लपायला दुसरं नावच नव्हतं. मग तिनं विचारलं, "मग एक नाव खोटं लिहायला काय जात होतं त्यांचं?" मलाही तेच विचारायचं होतं. कदाचित जमादार पुढ्यात बसला असेल, कदाचित एक तरी नाव ओळखीचं निघावं नाहीतर दहांचाही संशय येईल असं वाटलं असेल, कदाचित त्या घटकेला सुचलं नसेल. मी समूला सांगितलं की मला माहीत नाही, आणि तू स्लाइडवर माहीत नाही असंच लिही. काकांच्या कानांचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही. फक्त आता त्या रागाशेजारी आप्पांचं सत्तर वर्षांचं आयुष्य येऊन बसलं होतं, आमचा जन्म, आमचं लग्नकार्य, ही समोर बसलेली पोर.

आणि त्याच रात्रीच्या जेवणात, धपाटं मोडता मोडता, समूनं सहज विचारलं की आजी, पणजोबा तर निजामाच्या शाळेत शिकलेले, त्यांना उर्दू येत असणार, मग स्मरणिकेत यादी छापून आली तेव्हा त्यांनी वाचली नाही का? मी म्हटलं, विसरले असतील उर्दू. इतक्या पटकन म्हटलं की मला स्वतःलाच ऐकू आलं. समूनं मान डोलवली आणि दुसऱ्या दिवशी मला नवी स्लाइड दाखवली. त्यावर लिहिलं होतं, ‘माझ्या पणजोबांना उर्दू वाचता येत नव्हतं, त्यामुळे सत्य समजलं नाही.’ खाली आप्पांचा फेट्यातला फोटो. मी ती ओळ दोनदा वाचली. आप्पांना उर्दू येत होतं. बाजारातून आलेल्या पुड्यांचे उर्दू कागद ते सुटे करून वाचत बसायचे, मरेपर्यंत. मी तोंडानं बोललेलं खोटं एक वेळ चाललं असतं, पण ते असं छापल्यासारखं समोर आलं, माझ्या नातीच्या नावानं, आणि मला ते बघवेना. मी तिला म्हटलं, बस इथं, आणखी एक गोष्ट राहिलीय.

स्मरणिका गावात वाटली त्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवसाची ती गोष्ट. दुपारची वेळ. काका शेतावर, आई धुणं घेऊन गेलेली. आप्पा मधल्या खोलीत जेवत होते, मी वाढत होते. तीन दिवस ते धड बोलत नव्हते, पण आप्पांचं न बोलणं आम्हाला नवं नव्हतं. दाराची कडी वाजली. मी पुढं गेले तर ओट्याखाली यादीमास्तर उभे. काळी टोपी, कोट, हातात पेपरात गुंडाळलेली स्मरणिका. त्यांनी या दाराशी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. ते म्हणाले, "बाळ, आप्पा हायत का घरी?" मी मागं वळून पाहिलं. मधल्या खोलीच्या दारातून आप्पा मला दिसत होते, मास्तरांना दिसत नव्हते. आप्पांनी उष्टा हात हलवला. नाही म्हण. मी म्हटलं, न्हाईत. तेवढ्यावर थांबले असते तर माझ्या वाट्याला निम्मंच पाप आलं असतं. पण मी चौदा वर्षांची होते आणि वडिलांचा हुकूम पाठीशी होता. मी गल्ली ऐकेल अशा आवाजात विचारलं, "आनि कुनाची यादी लिवायची हाय का?" मास्तरांनी टोपी सारखी केली. मग शांतपणे म्हणाले, "आप्पा आले की सांग, मास्तर येऊन गेले. वाचायला आलं का, एवढं इचारलं म्हण." आणि कडेकडेनं निघून गेले.

मला वाटलं, काय तोरा आहे म्हाताऱ्याचा, अजून माझ्या बापाची परीक्षा घेतोय. मी आत येऊन आप्पांना तसंच्या तसं सांगितलं, वर माझा शहाणपणाही ऐकवला, शाबासकीच्या आशेनं. आप्पांनी ताट सरकवलं. अर्धी भाकरी तशीच. त्यानंतर यादीमास्तर हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारायचा नाही असं त्यांनी आईला बजावलं, आणि त्याचं कारण आम्ही आमच्या परीनं लावलं, की आप्पांना त्या माणसाचं नावसुद्धा सहन होत नाही. मास्तर दोन-तीन वर्षांनी वारले. आप्पा मयतीला गेले नाहीत. दहांतल्या कुणी ती यादी वाचली असेल, तरी कुणी बोललं नाही. आज मला वाटतं, आप्पांनी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. तिसऱ्या ओळीत स्वतःचं नाव आणि शेवटच्या ओळीत भावाचं. बाहेर येऊन काय बोलणार होते ते? उपकार मानायचे तर काकांच्या तोंडाकडं कसं बघायचं, आणि काकांना काय सांगायचं, की तुझी आई मेली म्हणून तू सापडलास आणि मी वाचलो? त्यांनी ते काका आणि मास्तर दोघांपासूनही लपवलं आणि तसेच जगले. मी माझ्या वडिलांवर फार प्रेम केलं. हे लिहितानाही तसूभर कमी झालेलं नाही. पण पंचवीस वर्षं गावानं वाळीत टाकलेल्या माणसाला त्यांच्या एका वाक्यानं मोकळं करता आलं असतं, आणि ते वाक्य ते बोलले नाहीत, हेही खरं आहे.

समूनं विचारलं की हे लिहू? पणजोबांना लोक नावं ठेवतील. मुलगा म्हणाला, आई, कशाला घरची गोष्ट चव्हाट्यावर, यादीचं सांगितलं की झालं. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. वेशीतल्या दगडावर आप्पांचं नाव कोरलेलं आहे, शाळेत दरवर्षी ते वाचलं जातं. मी एक सबंध दिवस घेतला. त्या दिवशी माझ्या घरात कुणाला माझा आवाज ऐकू आला नाही, सून दोनदा येऊन कपाळाला हात लावून गेली. संध्याकाळी मी समूला म्हटलं, "लिही. आप्पांना येत होतं उर्दू, असं लिही."

प्रेझेंटेशनला मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. समूनं दोन रांगांचा तक्ता दाखवला, डावीकडं पाळण्यातलं नाव, उजवीकडं गावातलं. जी घरं सापडली नाहीत तिथं तिनं प्रश्नचिन्ह टाकलं होतं. शेवटच्या ओळीत उजवीकडं नागनाथ आणि डावीकडं काहीच नाही. सर मागून म्हणाले की अगं, इथं प्रश्नचिन्ह राहिलं. ती म्हणाली, "न्हाई सर, ते राहिलं न्हाई. त्यांचं बारसंच झालं नव्हतं." मग तिनं दुपारच्या त्या दाराची गोष्ट सांगितली, माझं वाक्यसुद्धा, माझ्या परवानगीनं. वर्गातली पोरं वळून माझ्याकडं बघू लागली. शेवटी सरांनी विचारलं की मग तुझं मत काय, मास्तर चांगले की वाईट? समू म्हणाली की ते मला अजून ठरवता येत नाही, पण यादी मात्र आम्ही न वाचताच छापली होती. सरांनी तिला दहापैकी आठ दिले. ठाम निष्कर्ष नाही म्हणून दोन कापले.

पुढच्या रविवारी मी समूला घेऊन नळदुर्गला गेले. निर्मला तिथं दिली होती, आता मुलाचा हायवेला ढाबा आहे, मागं घर. पन्नासेक वर्षांनी मी तिला पाहत होते. केस पांढरे, पण बसणं तेच, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीत. तिनं मला ओळखलं ते आवाजावरून. सुनेनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला, चहा ठेवला. बाहेर ट्रकांची ये-जा चालू होती. समूनं लॅपटॉप उघडून एकेक स्लाइड दाखवली. निर्मला चष्मा लावून वाचत गेली. पाळण्यातल्या नावांपाशी ती फक्त म्हणाली की हे मला ठाऊक हाय, बाबांनी सांगितलेलं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस कधी? ती म्हणाली, "कुणाला बोलू? माज्या बाकावर कोन बसत हुतं?"

शेवटची स्लाइड यायच्या आधी मी समूचा हात धरला आणि म्हटलं की हे मी सांगते. निर्मले, त्या दिवशी आप्पा घरातच होते. मी खोटं बोलले. आप्पांनी खूण केली आणि मी बोलले, आणि वर जे बोलले ते माझं मी बोलले. तू मला काय म्हणायचं ते म्हण.

निर्मलानं चष्मा काढला. "बाबांना कळलं हुतं की," ती म्हणाली. "तुमच्या आप्पांच्या चपला ओट्यावरच हुत्या म्हनले. मी रागावले, मनलं मग तसंच आत का न्हाई गेलाव, का अपमान करून घेऊन आलाव? तर हसले. मनले, ज्याला वाचायला आलं नसतं त्यो भायेर येऊन मला शिव्या दिला असता. भीमाशंकर लपून बसला, म्हंजे त्याला वाचायला आलं." मग समूच्या ताटलीत आणखी सुशीला वाढत म्हणाली, "त्या दिवशी बाबा लई दिसांनी पोटभर जेवले."